बंदोबस्तातला सत्कार

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या वडिलांमुळे. नांदेडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं छपाईचं छोटं यंत्र होतं, आणि शहरात कुठलाही मोर्चा निघायचा असला की त्याचं पत्रक आमच्याकडे छापलं जायचं. मी वाचायला शिकले ती ‘जाहीर निषेध’ आणि ‘बहुसंख्येने सामील व्हा’ यावरून. शाई वाळायच्या आत घडी घालायची नाही, हा घरातला पहिला नियम. दुसरा असा की पत्रकात एकही शब्द उगाच पडता कामा नये, कारण ते वाचणारा माणूस रस्त्यात उभा असतो आणि त्याला पुढे जायचं असतं. त्यामुळे कुणी ‘थोर’, ‘निःस्वार्थी’, ‘अखंड तेवणारी ज्योत’ असलं काही लिहिलेलं दिसलं की आजही माझं डोकं फिरतं.

लातूरच्या एका मंडळाने आमच्या बाईंना पुरस्कार जाहीर केला, तेव्हा मंडळाचे सचिव फोनवर म्हणाले, ‘‘तुमचे वडील लई छान लिहीत होते, आता थकलेत. मानपत्र तुम्हीच करा.’’ मी लगेच हो म्हटलं.

बाई म्हणजे एम.ए.ला मला समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका. त्यांचा विषय गुन्हेगारीशास्त्र, पण त्या तो उलट्या बाजूने बघतात. चोर चोरी का करतो, हे त्या विचारत नाहीत. चोरी झाली की पोलिसांची जीप आधी कुणाच्या दारात जाते आणि वर्षानुवर्षं तिथेच का जाते, हे विचारतात. लातूरच्या बाहेर पारध्यांची एक वस्ती आहे. तिथे त्या कितीतरी वर्षं जात राहिल्या. एका इंग्रजी कायद्याने या लोकांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, निजामाच्या मुलखातही तोच शिक्का मारला गेला, स्वातंत्र्यानंतर कायदा गेला आणि शिक्का राहिला. तो रोजच्या कारभारात कसा टिकून आहे, यावर बाईंनी पुस्तक लिहिलं. लिहिता लिहिता कुणाला उचललं की ठाण्यात जाऊन बसायचं, वकील शोधायचा, तारखेला हजर राहायचं, हेही त्यांनीच केलं.

याचं फळ काय मिळालं? विद्यापीठातले लोक म्हणाले, ही चळवळ आहे, संशोधन नाही. चळवळीतले म्हणाले, पुस्तकं लिहून काय होतंय. पदोन्नतीच्या मुलाखतीत एकाने त्यांना विचारलं होतं, ‘‘मॅडम, तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूच्या?’’ त्यामुळे ‘विद्वत्ता आणि समाजकार्य’ असा दोन्ही मिळून पुरस्कार आहे हे कळल्यावर मला खरंच आनंद झाला. उशिरा का होईना, कुणाला तरी समजलं, असं वाटलं.

बाईंनी मंडळाला एकच अट घातली. वस्तीतली माणसं माझ्यासोबत व्यासपीठावर बसतील, सत्कार सगळ्यांचा मिळून करा. मंडळाने आनंदाने मान्य केलं.

त्या माणसांत एक ड्रायव्हर होता. त्याला मी इथे ड्रायव्हरच म्हणते. तो पिकअप चालवतो, देवणीच्या बाजाराला जनावरं पोचवतो, कडबा आणतो. दोन मुलींचा बाप. एकाही खटल्यात त्याला कधी शिक्षा झालेली नाही. पण गणपती आले की उचल, निवडणूक आली की उचल, असं करत त्याच्या फाईलमध्ये चॅप्टर केसेसची ओळ लागली होती. चॅप्टर केस म्हणजे काही केलं म्हणून नव्हे, काही करू नये म्हणून धरायचं आणि तहसीलदारासमोर उभं करून चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घ्यायचा. अशा पुरेशा ओळी जमल्या की माणूस सराईत ठरतो. त्याच ओळींच्या जोरावर त्याच्या तडीपारीचा प्रस्ताव गेला होता. मंजूर झाला तर घरदार, मुलींची शाळा, पिकअपचा धंदा सगळं सोडून लातूर आणि आसपासच्या जिल्ह्यांच्या बाहेर जायचं. सुनावणी सोमवारी होती. वकिलांनी सांगितलं होतं, बऱ्याच महिन्यांत नवी नोंद नाही, तेवढ्यावर प्रस्ताव पडेल. फक्त सोमवारपर्यंत कोरा राहा.

पुरस्काराचा कार्यक्रम त्याच्या आधीच्या शनिवारी होता.

माझा मसुदा मी सचिवांना पाठवला. सचिव निवृत्त मुख्याध्यापक. मनाने चांगला माणूस, आणि मराठवाड्यात अशी चांगली माणसं किती नुकसान करू शकतात हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. त्यांचा फोन आला.

‘‘बाळ, भाषा जरा कडक झालीय.’’

‘‘कुठे, सर?’’

‘‘हे बघ. ‘ज्यांना कायद्याने आईच्या पोटातच गुन्हेगार ठरवलं’. सत्काराच्या दिवशी असं कुणी बोलतं का? मंत्री येणार हायत.’’

‘‘मंत्री कशाला?’’

‘‘अध्यक्ष म्हणले, कार्यक्रमाला उंची पाहिजे. मी थोडा हात फिरवलाय बघ. ‘गुन्हेगारी वृत्तीच्या समाजाला मुख्य प्रवाहात आणणाऱ्या, अंधारात चाचपडणाऱ्यांच्या जीवनात…’’’

‘‘सर, बाईंचं अख्खं पुस्तक या वाक्याच्या विरोधात आहे.’’

‘‘पुस्तक कोण वाचायलंय, बाळ? मानपत्र समदे ऐकतेत.’’

मी भांडले. दुसरा मसुदा पाठवला, मग तिसरा. प्रत्येक वेळी त्यांनी ‘फार सुंदर’ म्हटलं आणि आपलंच वाक्य परत घातलं. शेवटी छापायला गेलेल्या मानपत्रात माझं एकच वाक्य शिल्लक राहिलं. ‘त्यांचा जन्म नांदेड येथे झाला.’

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘तेवढं तरी खरं आहे ना?’’

शनिवारी सकाळी आम्ही दोघी नांदेडहून निघालो. कार्यक्रम दुपारी होता. लोहा मागे पडलं आणि ड्रायव्हरच्या बायकोचा फोन आला. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं. तिला याची सवय होती आणि मला त्याचाच जास्त राग आला. ती म्हणाली, ‘‘आंघोळी करून, इस्त्रीचे शर्ट घालून बसले होते सगळे. जीप आली. समद्यांना नेलं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणले, मंत्र्याचा बंदोबस्त हाय, संध्याकाळी सोडतो.’’

मंत्री आमच्या सत्काराला येणार होते. म्हणजे प्रतिबंधक कारवाईवर पुस्तक लिहिणाऱ्या बाईंच्या सत्कारासाठी, सत्काराचे पाहुणेच प्रतिबंधक म्हणून आत बसवले होते. मी पत्रकात असं काही लिहिलं असतं तर वडिलांनी खोडलं असतं. म्हणाले असते, अति होतंय, लोकांना खोटं वाटेल.

आम्ही थेट ठाण्यात गेलो. सचिव तिथे आधीच पोचले होते, नव्या जाकिटात, घामाघूम.

‘‘सर, पोलिसांना कसं कळलं हे लोक येणार आहेत ते?’’ मी विचारलं.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. ‘‘मीच सांगितलं ना. माईकची परवानगी घ्यायला आलो होतो. म्हणलं, वस्तीतले लोक येणार हायत, त्यांना दारात कुणी अडवू नका, आपलेच पाहुणे हायत. पिकअप कोणती तेही सांगितलं. चांगल्यासाठीच सांगितलं, बाळ. साहेबांना मॅडमचं पुस्तकही भेट दिलं.’’

पुस्तक साहेबांच्या टेबलावर होतं. प्लास्टिकचं वेष्टणसुद्धा काढलेलं नव्हतं. त्याच्यावर वायरलेस सेट ठेवला होता.

साहेब तरुण, सभ्य. उभे राहिले, खुर्ची दिली, चहा सांगितला. ‘‘मॅडम, अभिनंदन. दुपारी मीही आहे तिथे, बंदोबस्ताला.’’

बाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही ज्यांना आत बसवलंय ते माझ्यासोबत व्यासपीठावर बसणार आहेत.’’

‘‘हो, तेच तर. एवढे सगळे एकदम मंत्र्यांच्या जवळ. रेकॉर्डवरची माणसं आहेत. उद्या काही झालं तर मला विचारतील, तुला माहीत होतं, मग तू काय केलंस?’’

‘‘काय होणार आहे?’’

‘‘काही होणार नाही. म्हणून तर आणलंय.’’

या वाक्यावर बाईंनी एक अख्खं प्रकरण लिहिलेलं आहे, ते त्या वायरलेस सेटच्या खाली होतं.

मागच्या व्हरांड्यात सगळे भिंतीला टेकून बसले होते. पांढरे, आकाशी, इस्त्रीच्या घड्या मोडलेले शर्ट. एकाच्या खिशाला मंडळाने दिलेला ‘विशेष निमंत्रित’चा बिल्ला लावलेला. ड्रायव्हर आम्हाला बघून हसला.

‘‘बाई, तुमच्या आधी आमचाच सत्कार झाला बघा.’’

‘‘कागद केलाय का?’’ बाईंनी विचारलं.

‘‘न्हाई अजून. दुपारून तहसीलला नेणार म्हणालेत. एकशे एकावन्नमध्ये.’’

प्रतिबंधक अटकेच्या या कलमाचा आकडा नव्या कायद्यात बदललाय. वस्तीत आणि ठाण्यात दोन्हीकडे तोंडात अजून जुनाच आहे. आणि कागद झाला की सोमवारच्या सुनावणीत फाईलमध्ये सगळ्यात वर तोच असणार, परवाच्या तारखेचा, ताजा.

साहेबांनी वाट सांगून ठेवली होती. ‘‘अजून नोंद केलेली नाही. वरून फोन आला तर माझी काही अडचण नाही.’’ वरून म्हणजे मंत्र्यांच्या माणसाकडून. सचिवांनी मंत्र्यांच्या स्वीय सहायकाला फोन लावला. बरंच ‘हाव साहेब, हाव साहेब’ झालं. मग फोनवर हात ठेवून ते बाईंकडे वळले. त्यांचा चेहरा पडला होता.

‘‘मॅडम, ते विचारायलेत, भाषणात काही बोलणार नाही ना? मंत्र्यांसमोर पोलिसांवर वगैरे. हे आजचंसुद्धा नको म्हणतेत.’’

मी वाट बघत होते की बाई आता फोन हातात घेतील. मी त्यांना ओळखत होते. विद्यापीठाच्या सभागृहात कुलगुरूंना मध्येच थांबवून चूक दाखवणारी बाई ही.

बाई म्हणाल्या, ‘‘सांगा, आभार मानेन आणि बसेन.’’

‘‘बाई!’’ मी एवढ्या जोरात म्हणाले की पलीकडच्या टेबलावरच्या हवालदाराने मान वर केली.

मी त्यांना व्हरांड्याच्या टोकाला नेलं. माझ्या डोक्यात पत्रक तयारही झालं होतं. वरती मोठ्या टायपात ‘सत्काराचे पाहुणे कोठडीत’. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान येतानाच बघून ठेवलं होतं. कार्यक्रमाला जायचंच नाही, इथेच बसायचं, पत्रकार बोलवायचे. पुस्तकात जे म्हटलंय ते आज सगळ्या लातूरला डोळ्यांनी दिसेल. यापेक्षा चांगला दिवस कधी येणार?

‘‘त्याला विचार,’’ बाई म्हणाल्या.

‘‘कुणाला?’’

‘‘ज्याची सुनावणी आहे त्याला.’’

विचारायची गरज पडली नाही. त्याने सगळं ऐकलं होतं. ‘‘ताई, पत्रक तुम्ही झकास लिवताव. मागच्या टायमालाबी लिवलं होतं, आमच्यातल्या पोरींनी वाचून दाखवलं. लई चांगलं होतं. पण सोमवारी तिथला साहेब पत्रक न्हाई बघत. फाईल बघतोय.’’ मग म्हणाला, ‘‘मला कोरा जाऊ द्या.’’

त्याच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, ‘‘आन् संध्याकाळचं जेवणबी मंडळाचं हाय म्हणं. बंदोबस्तात निस्ता वडापाव देतेत.’’ सगळे हसले. माझ्याशिवाय.

फोन आला. नोंद झाली नाही. सगळ्यांना सोडलं. साहेबांनी बाईंना दारापर्यंत सोडलं आणि म्हणाले, ‘‘बघा, सहकार्याने सगळं होतं.’’

कार्यक्रमाचं काय सांगू? सभागृह भरलेलं. फुलांची कमान. मंत्री अपेक्षेप्रमाणे उशिरा आले. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. सचिवांनी मानपत्र स्वतः वाचलं, भरून आलेल्या आवाजात. ‘गुन्हेगारी वृत्तीच्या समाजाला’ हे त्यांनी सावकाश, दोनदा श्वास घेऊन म्हटलं. पहिल्या रांगेत ड्रायव्हर, तो म्हातारा, बाकीचे सगळे हात मांडीवर ठेवून ऐकत होते. मी त्यांच्या मागे बसले होते, मला फक्त त्यांच्या माना दिसत होत्या. एकाचीही हलली नाही.

बाई उठल्या. ‘‘मी सगळ्यांची आभारी आहे,’’ म्हणाल्या आणि बसल्या. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक म्हणाला, खरी विद्वत्ता किती विनम्र असते बघा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. सचिवांना बहुतेक सकाळच्या प्रकाराची भरपाई करायची होती. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, ‘‘मॅडमनी सुधारलेले आपले बांधवही आज आपल्यात आहेत, त्यांनी वर यावं.’’ हे लोक बाईंसोबत आधीपासून वर बसणार होते, ती अट सगळे सोयीने विसरले होते. आता ते नमुना म्हणून वर गेले. मंत्र्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकला. फोटो झाला. दाराशी उभे असलेले साहेब टाळ्या वाजवत होते.

परत येताना गाडी शहराबाहेर पडली. आणि मी सगळं एकदम बोलून टाकलं. एक वाक्य तरी बोलायला हवं होतं. मी लिहिलेलं मूळ मानपत्र तरी वाचायचं. आयुष्यभर जे खोडत आलात तेच डोक्यावर घेऊन आलात. मंत्र्याच्या मेहरबानीने सुटका घेतली, म्हणजे उद्यापासून दर वेळी मेहरबानीच मागायची का?

शाल त्यांनी घडी करून मागच्या सीटवर टाकली होती. त्या म्हणाल्या, ‘‘पुरस्कार माझा होता. तो कशासाठी वापरायचा ते मी ठरवलं. तडीपारी त्याची आहे.’’

‘‘पण ते वाक्य, बाई.’’

‘‘तुला काय वाटतं, मला ऐकू आलं नाही?’’

मला त्यांचं पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. माणूस वाचला पाहिजे हे बरोबरच, पण दर वेळी एकेक माणूस वाचवायचा आणि वाक्य तसंच सोडायचं, तर ते वाक्य पुढचा माणूस पकडायला मोकळंच राहतं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

सोमवारी सुनावणी झाली. आम्ही नांदेडला होतो, संध्याकाळी वकिलांचा फोन आला. प्रस्ताव रद्द. मी घरात ओरडलेच. वडिलांनी चष्मा काढून विचारलं, काय झालं?

मग वकिलांनी कसं झालं ते सांगितलं. त्यांनी फाईलला बाईंचं पुस्तक आधीच्या तारखेलाच जोडलं होतं, महत्त्वाच्या पानांवर खुणा करून. ते कुणी उघडलं नाही. सोमवारी त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण पुढे केलं. मंत्र्यांचा हात ड्रायव्हरच्या खांद्यावर, खाली मानपत्रातलं ते वाक्य जसंच्या तसं. अधिकाऱ्याने फोटो बघितला, ड्रायव्हरकडे बघितलं, विचारलं, ‘‘हे तुम्हीच?’’ तो म्हणाला, ‘‘हाव साहेब.’’ आदेशात कारण लिहिलंय, सदर इसम समाजाच्या मुख्य प्रवाहात आल्याचे दिसून येते, सबब प्रस्तावाची आवश्यकता वाटत नाही.

त्याच्याविरुद्ध कधीच काही सिद्ध झालेलं नव्हतं, हे आदेशात कुठेही नाही. तो सुधारला, असं आहे. न केलेल्या गुन्ह्यातून सुधारला.

मी बाईंना फोन करून आदेश वाचून दाखवला. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग त्या म्हणाल्या, ‘‘पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत हे घालावं लागेल.’’ मी म्हटलं, ‘‘कोण वाचायलंय, बाई.’’ सचिवांचं वाक्य माझ्या तोंडून निघालं याचा मला इतका संताप आला की मी फोन ठेवला. त्याच रात्री पत्रक लिहायला बसले. आदेशातलं वाक्य वर, त्याच्या फाईलमधलं खरं खाली. पण ड्रायव्हरला विचारल्याशिवाय छापायचं नाही, हे आता ठरवलं होतं.

दोन-चार दिवसांनी त्याचाच फोन आला. मागे बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणि दलालांची ओरड, देवणीचा बाजार भरला होता. मी पत्रकाचं विचारलं.

‘‘छापा की, ताई. पण नाव नगं आमचं.’’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘एक इचारायचं होतं. बाईंना म्हणावं, गणपतीच्या आदी अजून एखादा पुरस्कार हाय का कुठं?’’

मी हसले.

‘‘चेष्टा न्हाई करायलो, ताई. शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवलाय.’’